बांबोळीला सेंटर हवंच, पण बाकीचं तरी जवळ आणा

मा. संपादक,

बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं कॅन्सरचं मोठं सेंटर होतंय, त्याचा आनंदच आहे. टाटाला जायचं म्हणजे कोकण रेल्वेनं रात्रभर प्रवास करून मुंबईत परळ गाठायचं आणि तिथं राहायची सोय शोधत फिरायचं, हे आमच्या कितीतरी घरांनी सोसलंय, त्यामुळे सगळे तज्ज्ञ एका जागी यायला माझा विरोध नाही. रेडिएशनचं मशीन काय प्रत्येक तालुक्यात बसवता येत नाही, त्याला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, फिजिसिस्ट लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि जो सर्जन रोज तेच ऑपरेशन करतो त्याचा हात बसलेला असतो हे कुणालाही पटेल. पण मशीन एका जागी म्हणून सगळंच तिथं कशाला?

आम्ही सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्याही आतले. माझ्या वहिनीला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस, असं सलग काही आठवडे. मशीनखाली पाच-दहा मिनिटं आणि त्यासाठी सकाळी अंधारात घर सोडायचं, वाळपईला बस बदलायची, पणजीला परत बदलायची. छातीवर मार्करनं खुणा केलेल्या असतात त्या पुसू द्यायच्या नाहीत, साबण लावायचा नाही, आणि मे महिन्यातल्या गर्दीच्या बसमध्ये घाम काय थांबतो? वहिनी आत जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून ठेवायची. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर होत नव्हता, त्यामुळे उभं राहावं लागलं की दांडी पकडणार कशी, आणि बघणाऱ्याला वाटतं धडधाकट बाई आहे, कोण सीट देणार? बरोबर दादा जायचा, त्याची रोजची मजुरी बुडाली ती वेगळीच. इलाजाचे पैसे योजनेतून भागतात हो, पण ही मजुरी, बसभाडं, कधी शेवटची बस चुकली की पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला द्यायचे पैसे, हे कुठल्या कार्डावर बसत नाही.

केमोच्या आधीची रक्त तपासणी बांबोळीलाच कशाला, हे तर मला अजिबात कळत नाही. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी असल्या की डोस पुढं ढकलतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती तपासणी दोन दिवस आधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात करून रिपोर्ट तिकडे पाठवला तर आजारी माणसाची एक फेरी वाचेल ना. केमोनंतर 100.4 ताप आला तर लगेच इस्पितळ गाठायचं, थांबायचं नाही, असं सांगून ठेवतात. रात्री ताप भरला की गावातला डॉक्टर कॅन्सरचं नाव ऐकूनच हात लावायला घाबरतो, तिकडेच न्या म्हणतो. त्याला कुणी शिकवलंय का, फोन करून विचारायला नंबर दिलाय का?

2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा इस्पितळांत डे-केअर (त्याच दिवशी इलाज करून घरी सोडणारी) कॅन्सर सेंटर काढू असं जाहीर झालंय, पहिल्या वर्षी 200. मग म्हापशाला आणि मडगावला नियमित केमो मिळू दे, पेडण्याच्या आणि काणकोणच्या लोकांचा निम्मा प्रवास वाचेल, करमळ घाटातून उलट्या करत पुढं बांबोळीपर्यंत जायला नको. साखळी, वाळपईला निदान ड्रेसिंग, रक्त तपासणी, दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या आणि व्हिडिओ कॉलवर फॉलोअप एवढं तरी व्हावं. दोडामार्ग, सावंतवाडीचे पेशंटही इथंच येतात, त्यांचाही विचार व्हावा.

आणि रेडिएशन चालू असलेल्यांसाठी तालुक्यातून सकाळी एक गाडी सोडा, नाहीतर सेंटरजवळ राहायला खोल्या द्या. ते होईपर्यंत लांबून येणाऱ्यांना निदान दुपारचा नंबर द्यावा, सकाळचे नंबर पणजी-ताळगावच्या पेशंटना देता येतील. त्याला बजेट लागत नाही, उद्यापासून करता येईल.

– एक वाचक, सत्तरी