पोर्टलंडहून, आईच्या काळजीला उत्तर

पोर्टलंड, ऑरेगन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांचे पत्र मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते, आणि आईने धास्ती घेतलेल्या इथल्या पावसाचीही आता सवय झाली आहे. पत्रातल्या एका ओळीने मात्र माझी झोप उडवली: ‘तिकडे म्हणे सरकारच नशेला परवाना देते, तुझे पाऊल घसरणार नाही ना?’ नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडी या अमली पदार्थाच्या कारखान्यावर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी छापा घातल्यापासून आईला नशा या शब्दानेच धडकी भरते, हे मी जाणते. म्हणून फोनवर दोन वाक्यांत वेळ मारून न नेता सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मी काहीही घेतलेले नाही आणि घेणारही नाही. येथे जे आहे ते दुकानही नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी सायलोसायबिन हे द्रव्य असलेली अळंबी देखरेखीखाली घेण्याची मुभा दिली आणि 2023 पासून त्यासाठी परवानाधारक केंद्रे सुरू झाली. वयाची 21 वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला तेथे जाता येते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. पण आधी एक वेगळी बैठक होते आणि तिच्यात शरीराची व मनाची सगळी चौकशी होते. पूर्वी कधी सायकोसिसचे, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या मनोविकाराचे, निदान झाले असेल किंवा गेल्या 30 दिवसांत लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेतले असेल, तर त्या माणसाला परत पाठवतात. मात्रा तेथेच बसून घ्यायची. पुडी बांधून घरी नेता येत नाही. मग तो माणूस कित्येक तास पडून राहतो आणि प्रशिक्षण घेतलेला एक सोबती त्याच्याजवळ बसून असतो, पूर्वी विचारून ठेवल्याशिवाय तो त्याचा हातही धरत नाही. परतताना स्वतः गाडी चालवायची नाही, घरी कसे जाणार हे आधीच ठरवून सांगावे लागते. सगळ्या ऑरेगनला हे मान्य आहे असेही नाही; कितीतरी गावांनी आणि काउंट्यांनी (म्हणजे इथल्या जिल्ह्यांनी) 2022 मध्ये मतदान करून आपल्या हद्दीत ही केंद्रे नाकारली. शिवाय अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 1970 च्या कायद्यात ही अळंबी अजून सर्वांत कडक सूचीत आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्या माझ्यासारखीने ती घेतल्याचे नुसते कबूल केले तरी या देशाचे दार बंद होऊ शकते. तेव्हा आईने निश्चिंत असावे.

बाबा, तुम्ही नोटप्रेसमध्ये आयुष्य काढलेत आणि दारावरच्या झडतीला एकदाही कुरकुर केली नाहीत. तुम्ही विचारता की कायद्याने मुभा दिली म्हणून वाईट गोष्ट चांगली होते का. होत नाही. परंतु मनाई केली म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरते, हेही मला पटत नाही. 2015 च्या सिंहस्थात तुम्ही मला त्र्यंबकेश्वरला नेले होतेत. साधूंच्या चिलमीसमोर लोक हात जोडून उभे होते. त्याच वर्षी आपल्या गल्लीतल्या मुलाला गांजाच्या पुडीसाठी धरून नेले. आपल्या 1985 च्या कायद्याने भांगेची पाने वगळली, पण त्याच झाडाचा फुलोरा ओढणे हा गुन्हा ठरवला. त्या मुलाने कोणाला मारले नव्हते, कोणाला लुबाडले नव्हते. त्याची नोकरी गेली, आणि त्याचे वडील देवळात येईनासे झाले. त्या शिक्षेने कोणाचे रक्षण झाले?

आणि मामा? महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो, तो त्याने रीतसर काढला होता. त्याने कायदा कधीच मोडला नाही, आणि मामीचे दागिने एकेक करून गेले. त्याचे आयुष्य केवळ त्याचे होते असे मी म्हणू शकत नाही. तरीही त्याला तुरुंगात घातले असते तर मामीचे काही भले झाले असते, असेही मला वाटत नाही. सज्ञान माणसाने आपल्या मनाचे काय करावे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा असावा; दुसऱ्याला इजा होऊ लागली की कायद्याने मध्ये पडावे, आणि ती होण्याआधी कोणीतरी शेजारी बसलेले असावे. या अळंबीची दारूसारखी चटक लागत नाही, पण नाजूक मन ती हादरवू शकते.

नुसता हक्क दिला की झाले, असेही मी मानत नाही. त्याच 2020 च्या मतदानात ऑरेगनने सर्व अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगण्यावरची फौजदारी शिक्षा काढून 100 डॉलरचा दंड ठेवला. उपचारांसाठीचा पैसा उशिरा पोहोचला, तोवर फेंटानिल हे अतिशय जहाल अमली द्रव्य सगळीकडे पसरले होते, आणि सप्टेंबर 2024 पासून असे पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. कंबरेत वाकून फुटपाथवर तासन्‌तास तशीच उभी राहिलेली माणसे मी रोज पाहिली आहेत. त्यांच्या शेजारी कोणीच बसलेले नव्हते.

हे सगळे मला इतके कसे ठाऊक, असे आई विचारीलच. मी ज्याला गेल्या वर्षी ‘ऑफिसातला मित्र’ म्हटले होते, तो अशा केंद्रात जाऊन आला आणि त्याला घरी आणायला मी गेले होते. तो येथेच जन्मलेला आहे, त्याचे आजोळ सिन्नरचे. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. अस्थींचा कलश त्याने कपाटात ठेवला होता आणि ते कपाट तो उघडत नव्हता. तो एका दिवसात बरा झाला असे मी म्हणणार नाही, उपचार अजून चालू आहेत. पण त्या आठवड्यात त्याने कलश बाहेर काढला आणि रामकुंडावरचा विधी कसा असतो ते मला विचारले.

त्या दिवसाचा खर्च हजार डॉलरच्या वर गेला आणि निम्मा मी दिला. या महिन्यात 45 हजार रुपये कमी आले ते त्यामुळे. बँकेची अडचण आहे असे मी फोनवर सांगितले, ते खरे नव्हते. मला क्षमा करा. दोन महिन्यांत ही रक्कम भरून काढीन, गच्चीच्या गळतीचे काम थांबवू नका.

पंचवटीतल्या स्थळाला कृपया नकार कळवा. जानेवारीत आम्ही दोघे कलश घेऊन येत आहोत. त्याला आपल्या घरी उतरवून घेणार की नाही, ते आधी लिहा. तुमचा नकार आला, तरी रामकुंडावर मी त्याच्याबरोबर असेन. आईच्या गुडघ्याचे काय झाले, तेही कळवा.

तुमची,
मनू