तिसरी पसंती

सोन्या,

काल फोनवर जरा जास्तच बोललो, तू जेवला नाहीस असं आईने नंतर सांगितलं. तू म्हणालास प्रवेशाच्या कॉम्प्युटरने तिसऱ्या पसंतीचं कॉलेज देऊन माझी वाट लावली, आणि मी तिथंच भडकलो, कारण गेला आठवडाभर इकडे घानातल्या टेमा शहरात आमच्या ड्रायव्हरच्या घरी पण सेम हेच रडगाणं चालू होतं.

घानात पण बारावीपर्यंत बारा वर्षंच रे, फक्त फोडणी वेगळी. आधी दोन वर्षं केजी, ती मोजायची नाहीत, मग सहा वर्षं प्रायमरी, तीन ज्युनियर हाय, तीन सीनियर हाय. मधे 2007 ला सीनियर चार वर्षांचं केलं होतं, 2009 ला परत तीन, म्हणजे सरकार बदललं की शाळा बदलते हे काय आपल्याकडेच नाही! नववी संपली की बीईसीई नावाची परीक्षा, आणि तिचे मार्क उलटे, 1 म्हणजे बेस्ट आणि 9 म्हणजे गेलास. इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल हे चार आणि बाकीच्यातले चांगले दोन, यांची बेरीज. सहा आले की पोरगं टॉपर, घरात पार्टी.

ड्रायव्हरच्या पोरीला नऊ आले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं नापास झाली बिचारी, सांत्वन करायला निघालो होतो. तर नऊ म्हणजे भारीच की. तिला केप कोस्ट शहरातलीच शाळा पाहिजे होती, तिथल्या शाळांचं इथं फार वेड, मफांत्सिपिम तर 1876 ची, यूएनचे कोफी अन्नान तिथलेच. पण कोणाला कोणती शाळा ते 2005 पासून कॉम्प्युटर ठरवतो, त्याने तिला लांब भलत्याच गावी टाकली. पोरगी दोन दिवस बोलली नाही.

2017 पासून सरकारी सीनियर हायची फी माफ आहे, त्यामुळे एवढी पोरं आली की पुढच्याच वर्षी ग्रीन ट्रॅक, गोल्ड ट्रॅक असे दोन गट करावे लागले, एक शाळेत तेव्हा दुसरा घरी, कारण बेड आणि बेंच पुरेनात. आणि बेड कशाला तर बरीच पोरं बोर्डिंगलाच जातात. पंधराव्या वर्षी घर सोडून. शेवटी वास्सी (WASSCE) नावाची परीक्षा, ती नायजेरिया, गांबिया वगैरे पाच देशांची मिळून एकच बोर्ड घेतं, आणि त्यावर युनिव्हर्सिटी.

तर ती आता जाणार आहे. शनिवारी मी तिच्या बापाबरोबर मार्केटात गेलो, लोखंडी ट्रंक आणि खाऊची लाकडी पेटी घेतली, इथं तिला चॉप बॉक्स म्हणतात. त्यात गारी म्हणजे कसाव्याचा रवा, साखर, मिल्क पावडर आणि शितो, म्हणजे आपल्या ठेच्याचा काळा मावसभाऊ, बरणीभर. पेटीला कुलूप बापानेच निवडलं, तीन दुकानं फिरून, आणि पोरगी मागे तोंड फुगवून उभी.

तुझं कॉलेज बसने किती लांब पडतं ते सांग, पाससाठी पैसे आईकडे पाठवतो.

बाबा