बल्ब टेकवायचा नाही, लटकवायचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तरुणांनी इंटरनेटवर आपली प्रतिमा कशी घडवावी, यावर लेख आला होता. रोज एक पोस्ट टाका, हसरा फोटो लावा, मोठ्या लोकांच्या पोस्टखाली दोन ओळी लिहीत जा, असा एकूण सूर. लेख वाईट नव्हता. पण तो वाचून माझ्या भाच्यानं दोन हजार रुपये भरून एका हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर केलं आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर टाय बांधून फोटो काढला. तो सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, काम करतो. लेथजवळ टाय बांधून उभं राहायचं म्हणजे बोट नव्हे, मानच जायची. त्यावरून घरात जे बोलणं झालं, तेच थोडं सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विजेच्या मोटारी भरतो. भरतो म्हणजे जळालेली तार काढायची, स्लॉटमध्ये (आतल्या लोखंडी खाचांत) नवा कागद आणि नव्या कॉइल घालायच्या, वार्निश द्यायचं, वाळवायचं. तीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय. आणि माझा एक ब्लॉग आहे. हे सांगितलं की गिऱ्हाईक आधी हसतं, मग विचारतं, "त्यातनं काय मिळतं?"

सुरुवात २०१९ च्या पुरानं झाली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. ओसरलं तसे माझ्या दुकानापुढं टेम्पो लागले. नदीकाठचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, रसवंतीची एक, शाहूपुरीतल्या तळघरांतले पंप. चिखल असा, की मोटारीवरची पाटी वाचायला आधी ब्रश मारावा लागायचा. त्याहून जास्त फोन. दहातले नऊ एकच विचारायचे, "मोटार बुडालती, आता वरनं वाळलीया. चालू करून बघू काय?"

बघायचं नसतं. वरून खडखडीत दिसणारी मोटार आत स्लॉटमध्ये ओली असते. वीज दिली की तारेतून बॉडीला शॉर्ट होतो, आणि जी मोटार धुऊन-वाळवून वाचली असती ती भरायलाच लागते. धंदा म्हणून बघितलं तर गप्प बसणं माझ्या फायद्याचं होतं. पण एवढ्या मोटारी भरायला माझ्याकडं हात नव्हते, तारही नव्हती, आणि दिवसभर तेच तेच सांगून घसा पार बसला होता. म्हणून बिलबुकाच्या पाठीमागं एक पानभर लिहिलं. स्विच लावू नका. मोटार उघडा. स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा. बेअरिंग परत वापरू नका, ग्रीसमध्ये माती गेलेली असते. सावकाश वाळवा. मेगर (आत ओल राहिली का ते दाखवणारं मीटर) लावून वाइंडिंग, म्हणजे आतल्या कॉइली, आणि बॉडीमधलं रेझिस्टन्स बघा, एक मेगओहमच्या खाली असेल तर परत वाळवा. त्या पानाचा फोटो काढून चार ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी तो फोटो फिरून मलाच आला. खालच्या दोन ओळी कापलेल्या, आणि वर भलत्याच दुकानाचं नाव. मेगरची ओळ गेलेली! म्हणजे मोटार धुवा, वाळवा आणि द्या वीज, असा त्याचा अर्थ झाला.

तेव्हा भाची म्हणाली (टायवाल्याची थोरली बहीण), "मामा, फोटोतलं लिहिलेलं शोधणाऱ्याला सापडत नाही. टाईप करून एका ठिकाणी ठेवू या, तुमच्या नावानं. ग्रुपवर नुसती लिंक टाकायची." आधी शेजारच्या फ्लेक्सवाल्या मित्राकडून टाईप करून घेतलं. त्याच्या डीटीपीच्या फाँटमध्ये झकास दिसत होतं, इंटरनेटवर चिकटवलं तर 'मोटार'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. मग कळलं की मजकूर युनिकोडमध्ये लागतो, तरच तो दुसऱ्याच्या फोनवर मराठी म्हणून उमटतो आणि शोधल्यावर सापडतो. शेवटी भाचीनं दोन रात्री फोनवरच सगळं टाईप केलं. फुकटातला ब्लॉग उघडला. नाव माझं, खाली तारीख, दुकानाचा भाग. फोटो माझा नव्हता, उघडलेल्या मोटारीचा होता.

आता चूक सांगतो. खरं म्हणजे तीच सांगण्यासाठी हे पत्र.

मी लिहिलं होतं, "स्टेटरमध्ये २०० चा बल्ब लावून रात्रभर ठेवा." स्टेटर म्हणजे मोटारीचा न फिरणारा, कॉइलींचा पोकळ भाग. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात काही खटकणार नाही. जुना तारेचा बल्ब उजेडापेक्षा उष्णता जास्त देतो, त्यावर आतली ओल हळूहळू निघते. आम्ही तो वरून वायरला बांधून मधोमध लटकवतो, कुठं टेकू देत नाही. लहान स्टेटर असला तर बल्बही लहान घेतो. हे हाताला इतकं सवयीचं, की लिहायचं सुचलंच नाही.

सप्टेंबरात शिरोळ तालुक्यातून एका पोराचा फोन. "काका, तुम्ही लिवलं तसंच केलं की. पहाटं धूर निघाय लागला." मी म्हटलं मोटार घेऊन ये. आणली. पाच हॉर्सपॉवरची. आत बल्ब सरळ कॉइलींवर आडवा ठेवलेला असणार, कारण तळहाताएवढ्या जागेत वार्निश काळं पडून फुगलं होतं. नखानं खरवडलं तर पापुद्रा हातात आला आणि खाली तांबं उघडं. बाकी सगळी मोटार ठीक. मेगरचा काटा शून्यावरून हलेना. पोरगं काही बोलत नव्हतं, फोनवर माझाच लेख उघडून उभं होतं. त्यानं ती ओळ माझ्यापुढं धरली. 'लावून ठेवा' असंच लिहिलं होतं, त्यानं लावून ठेवला होता.

तारेचे पैसे त्यानं दिले, मजुरी मी घेतली नाही. उपकार नव्हते ते. त्याच रात्री लेखाच्या डोक्यावर दुरुस्ती लिहिली, तारखेसकट: बल्ब टेकवायचा नाही, मधोमध लटकवायचा. वाइंडिंगला हात लावून चटका बसला तर बल्ब लहान करा. आधीच्या मजकुरात हे नव्हतं, त्यामुळं एकाची मोटार जळाली, चूक माझी. भाची विचारायला लागली, "जुनी ओळ काढून टाकू?" नको म्हटलं. काढली तर ज्यानं आधी वाचलंय त्याला कळणार कसं? ती ओळ आडवी रेघ मारून अजून तशीच आहे. आठवड्यानं आणखी एक भर घातली. पाणी भरून चालणाऱ्या सबमर्सिबलच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं, ती पाण्यातच राहायला केलेली; तिला उगीच उघडू नका, बुडालेला स्टार्टर आणि पॅनेल बघा. हेही एका वाचकानंच दाखवून दिलं, आणि तसा त्याचा उल्लेख केला.

पुढच्या पावसाळ्यात शिरोळकडून जी गिऱ्हाइकं आली, त्यांना पाठवणारा कोण, तर तोच पोरगा. मला वाटलं होतं तो तालुकाभर माझी लाज काढेल. २०२१ ला पाणी पुन्हा त्याच उंचीला आलं, तेव्हा तो लेख दोन वर्षं जुना होता आणि लोक तोच एकमेकांना पाठवत होते, वरच्या दुरुस्तीसकट. शिबिरात भाच्याला सांगितलं म्हणे, की चुकीची गोष्ट शांतपणे डिलीट करा, कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्याची मोटार जळते त्याच्या राहतं.

नकाशावर दुकानाखाली लोक तारे देतात, तिथलंही एक सांगतो. एकानं एक तारा देऊन लिहिलं, "महिन्यात मोटार जळाली, काम भंगार, वर चार दिवस उशीर." ती मोटार मी उघडली होती. स्टार जोडणीतल्या तीन फेजपैकी दोन फेजच्या कॉइली कोळसा आणि तिसरीच्या अगदी कोऱ्या. हे सिंगल फेजिंगचं लक्षण. लाईनीतला एक फेज गेला, मोटार घुमत राहिली, उरलेल्यांवर भार आला आणि त्या जळाल्या. यात भरणाऱ्याचा दोष नसतो, फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवला असता तर मोटार वाचली असती. राग आला होता. मित्रानं सल्ला दिला, ओळखीच्या वीस जणांकडून पाच-पाच तारे मारून घे, ते खाली जाईल. असले विकत घेतलेले तारे लगेच ओळखू येतात. 'अप्रतिम सेवा, अप्रतिम सेवा' अशी एकाखाली एक रांग असते. मी दोन दिवस थांबलो आणि लिहिलं, की चार दिवस उशीर झाला हे खरं, वार्निश संपलं होतं, कळवायला हवं होतं, कळवलं नाही. मोटार का जळाली त्याचा फोटो आणि कारण ब्लॉगवर लिहिलंय, गिऱ्हाइकाचं नाव न घालता. त्यानं तारे काही वाढवले नाहीत. पण त्या फोटोवरून सिंगल फेजिंगबद्दल विचारायला जेवढे फोन आले, तेवढे पुरानंतर कशालाच आले नव्हते.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं फेसबुकवर किंवा रीलमध्ये का नाही? टाकावं की. मीही लिंक तिथंच टाकतो. पण मूळ वही आपल्या घरात असावी. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं, आमच्या पिढीतल्या कित्येकांचं लिहिलेलं त्याबरोबर गेलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. आमच्या गल्लीतला एक पोरगा त्यावर इतका गाजला होता, की दसरा चौकात लोक थांबवून सेल्फी घ्यायचे. एका रात्रीत त्याच्याकडं दाखवायला काही उरलं नाही. ब्लॉगही दुसऱ्याच्याच जागेवर असतो, मान्य. म्हणून वर्षाला हजार-दीड हजार देऊन इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घेतला, आणि दर दिवाळीला सगळा मजकूर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो. कंपनी बदलली तरी पाटी आपलीच राहते.

आणि रोज एक पोस्ट? माझे इतक्या वर्षांत चाळीसेक लेख झाले असतील. एखाद्या वर्षी तीनच. रोज सांगण्यासारखं माझ्याकडं नसतं, बहुतेकांकडं नसतं. ज्या दिवशी नवी चूक सापडते किंवा तोच प्रश्न दहाव्यांदा येतो, त्या दिवशी लिहायचं.

लिहिण्यामागं आणखी एक कारण आहे, ते पुराच्या आधीचं. माझे वस्ताद प्रत्येक मोटार उकलताना तिचा डाटा वहीत उतरवायचे. स्लॉट किती, टर्न किती, तारेचा गेज, कॉइलीची पिच. जुन्या, पाटी झिजलेल्या मोटारीला दुसरा आधार नसतो. त्यांची वही लाल कापडात बांधलेली असायची आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. त्यात वावगं काही नव्हतं, तेच त्यांचं भांडवल होतं. ते गेल्यावर महिन्याभरानं मी घरी विचारायला गेलो, तर वह्या रद्दीत गेलेल्या. माझ्या वहीतला डाटा मी आता थोडाथोडा ब्लॉगवर चढवतोय. शेजारचे धंदेवाले म्हणतात, फुकट देतोस. देतो. मोटार भरायला आकड्यांपलीकडं हातही लागतो.

भाच्याचं काय झालं ते सांगून थांबतो. टायचा फोटो त्यानं काढून टाकला. मी म्हटलं, तुझ्या मशीनवर बिडाच्या कास्टिंगला (ओतीव तुकड्याला) कापणारी टिप का उडते, ते लिही. म्हणाला, हे कोण वाचणार? तरी लिहिलं अर्धं पान. कास्टिंगची पातळ कड साच्यात लवकर थंड होते, तिथं बीड काचेसारखं कडक होतं, टिप तिथंच तुटते. फीड (टिप पुढं सरकायचा वेग) कुठं कमी करायचा आणि कास्टिंग फाउंड्रीला परत कधी पाठवायचं. मालकाला आधी दाखवलं, फोटोत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दिसत होतं ते कापलं. पंधरा दिवसांत चारच जणांनी वाचलं. त्यातला एक गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला, त्यानं खाली लिहिलंय की फीडबद्दलचं दुसरं वाक्य चूक आहे. भाचा सकाळपासून तोंड पाडून बसलाय. संध्याकाळी दुरुस्ती लिहायला बसवतो.

आपला,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. : स्वतःच्या नावानं लिहा असं सांगून मीच नाव झाकतोय, असं कुणी म्हणेल. नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. छापू नये, पावसाळा तोंडावर आहे, जाहिरात वाटेल.