तारण आणि नशीब यांची गल्लत नको

महोदय,

‘ख्रिस्ती धर्मातही शेवटी सारे नशिबावरच’ हे आपल्या स्तंभातील एका पत्रलेखकाचे विधान अपुऱ्या माहितीवर बेतलेले आहे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने सोळाव्या शतकात मांडलेली पूर्वनिवडीची शिकवण, म्हणजे कोणाचे तारण (पापातून सुटका) होणार हे देवाने आधीच ठरवले आहे ही शिकवण, तारणापुरती आहे; बोंडअळीने कपाशी का गेली, याचे उत्तर देण्यासाठी ती मांडलेली नाही. शिवाय ती सर्वमान्यही नाही. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने, ती तशीच न मानणाऱ्या डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांची मते फेटाळली खरी, पण पुढे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी देवाची कृपा सर्वांसाठी खुली असल्याचेच आवर्जून सांगितले. आपल्या विदर्भात तर दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत : १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप कॅल्विनच्या परंपरेतील स्कॉटिश मिशनरी होते, आणि १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये कॅल्विनच्या परंपरेतील प्रेस्बिटेरियनांबरोबर ब्रिटिश मेथडिस्टही सामील झाले.

वाद पंडितांपुरता राहिला असता तर हे पत्र लिहिले नसते. आमच्या तालुक्यात मात्र मातीला आलेल्या एका ख्रिस्ती प्रचारकाने, गेलेल्या मुलाचे कुंकू-हळद लागलेले बी-बियाण्याचे पोते अजून ओसरीवर असताना, त्या मुलाच्या आईला ‘तो निवडलेल्यांत नव्हता’ असे सुनावले. खुद्द कॅल्विननेही प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनचा हवाला देऊन म्हटले आहे की, निवडलेले कोण हे आपल्याला ठाऊक नसल्याने सर्वांचेच तारण व्हावे अशी इच्छा आपण धरावी. प्रचारकांना हा भाग कोणी शिकवत नाही काय?

एक वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती