बालविभागातल्या बाईंना उघड पत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

जुन्या साहसकथा आणि मुलांच्या रहस्यकथांवरची माझी परीक्षणं आवडल्याचं कुणी सांगितलं, की मला वाचनालयातलं तुमचं टेबल आठवतं. आभार असे चारचौघांत मानतोय, कारण समोर येऊन मानले असते तर तुम्ही ‘पुरे रे’ म्हणून चहा टाकायला उठला असता.

कच्चा मसुदा पुढे ठेवला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोष्ट सांगतंय कोण?’ ‘ट्रेझर आयलंड’ या स्टीव्हन्सनच्या खजिन्याच्या शोधाच्या कादंबरीवर लिहिताना त्या प्रश्नाची खरी किंमत कळली. जवळजवळ सगळी हकिगत पोरसवदा जिम सांगतो, पण सोळाव्या प्रकरणात लेखणी डॉक्टर लिव्हसीकडे जाते आणि तीन प्रकरणांनी परत जिमच्या हाती येते. जिम बेटावर भटकत असताना जहाजावर काय शिजतंय, हे त्याला कळणार कसं? स्टीव्हन्सनने ती अडचण अशी सोडवली. पुस्तक १८८३चं, पण त्याआधी ही कथा मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती. पुढच्या अंकाची वाट बघणाऱ्या पोराला अचानक डॉक्टर बोलू लागल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार तुम्ही मला करायला लावलात. परीक्षणातला तोच परिच्छेद मला सर्वांत जास्त आवडतो.

रहस्य न फोडता रहस्यकथेवर लिहायचं कसं, यावरून तर आपण किती भांडलो! एरिश केस्टनरच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’मध्ये (१९२९) बर्लिनला निघालेला एमिल आईने दिलेले १४० मार्क रेल्वेच्या डब्यात खिशाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. तुम्ही म्हणालात, ‘टाचणीचं नाव घे आणि पुढे जा. मुलांना काय ते कळतं.’ आणि तो छोटा दिन्स्टाग! बाकीची पोरं चोराच्या मागावर शहरभर पळतात, हा बिचारा घरी टेलिफोनपाशी बसून निरोप घेतो. त्याच्यावर वेगळं लिही, हा हट्ट तुमचा.

भा. रा. भागवतांचंही तसंच. फ्रेंच साहसकथाकार ज्यूल व्हर्न मराठीत आणणारे भागवत आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे आपल्या फास्टर फेणेला, सायकलवर सोडणारे भागवत, दोघांना एका लेखात आण, असं तुम्ही सुचवलंत. व्हर्नच्या वीरांना समुद्राचा तळ नाहीतर चंद्र लागतो, फेणेला भानगड सापडायला शाळेचं फाटकही पुरतं. मला फेणेच जवळचा, तुम्हाला व्हर्न. असो.

आता ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१८८५) घेतलंय. हिऱ्यांचा शोध झकास आहे, पण त्यातली हत्तींची शिकार आणि आफ्रिकेतल्या माणसांकडे बघायची ती गोरी साहेबी नजर दहा वर्षांच्या मुलापुढे कशी ठेवायची? मला वाटतं, परीक्षणात हे पहिल्याच परिच्छेदात सांगावं. तुम्हाला ते पटणार नाही, हे ठाऊक आहे. मसुदा घेऊन शनिवारी येतो.

तुमचा,
एक वाचक