काढा चालतो म्हणून अर्कही चालेल असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला औषधी वनस्पतींवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता, माहितीही बरीच होती, पण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. वनस्पती शेकडो वर्षं वापरात आहे, शिवाय तिचा अर्क उंदरांवरही सुरक्षित ठरलाय, मग घ्यायला काय हरकत, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. मी काही वर्षं एका लॅबमध्ये अशाच अर्कांच्या टॉक्सिसिटी टेस्ट, म्हणजे विषारीपणाच्या तपासण्या, करायचे. ते काम सुटून बराच काळ झाला, पण असं काही छापलेलं दिसलं की अजूनही राहवत नाही.

आधी उंदरांचं सांगते. 'अर्क सुरक्षित ठरला' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे खूपदा फक्त अक्यूट, म्हणजे एकाच डोसची, टेस्ट झालेली असते. त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली 423 नंबरची पद्धत सगळीकडे वापरतात. एका वेळी तीन उंदीर, बहुतेकदा माद्या, त्यांना तोंडावाटे एकदाच डोस द्यायचा, साधारणपणे वजनाच्या दर किलोला 2000 मिलिग्रॅमपर्यंत, आणि 14 दिवस लक्ष ठेवायचं. कोणी दगावलं नाही, वजन घटलं नाही, की रिपोर्ट चांगला. ही टेस्ट हवीच, तिच्याशिवाय पुढे जाताच येत नाही, पण ती सांगते एवढंच की एका डोसने जीव जात नाही. माणूस मात्र ती कॅप्सूल रोज घेतो आणि महिनोन्महिने घेतो. त्यासाठी 90 दिवसांची टेस्ट वेगळी असते, प्रत्येक गटात 10 नर आणि 10 माद्या, रोज डोस, शेवटी रक्त तपासायचं, लिव्हर, किडनी, हृदय सगळ्याचं वजन करायचं आणि पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघायचं. मी अशा स्लाइड्स बघितल्यात. शेवटच्या दिवसापर्यंत नीट खाणारा, पळणारा, अंगावरची लव चकचकीत असलेला उंदीर, आणि त्याच्या लिव्हरमध्ये मेलेल्या पेशींचे पट्टे. 14 दिवस नुसतं बघून यातलं काहीही कळलं नसतं.

आता परंपरेचं. मी परंपरेची चेष्टा करणाऱ्यातली नाही, उलट मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. बचनाग ही विषारी मुळी शोधन केल्याशिवाय, म्हणजे तिचं विष कमी करून घेतल्याशिवाय, द्यायची नाही हे वैद्यांनी अनुभवावरून ठरवलं आणि आजची केमिस्ट्री सांगते की उकळल्यावर त्यातलं अॅकोनिटिन फुटतं आणि कितीतरी कमी विषारी रूपात जातं. म्हणजे बरोबरच होतं त्यांचं. पण बचनागाने जीभ बधिर होते, छाती धडधडते ते तासाभरात दिसतं, म्हणून ते लक्षात आलं. जे दहा वर्षांनी होतं ते कोण कशाशी जोडणार? आज घेतलेल्या मुळीने बऱ्याच वर्षांनी किडनी गेली तर तो माणूस, त्याच्या घरचे, वैद्य, कुणालाही त्या मुळीची आठवणसुद्धा येणार नाही. शेकडो वर्षांच्या वापरातून पटकन होणारे अपाय गाळले जातात, हळूहळू होणारे गाळले जात नाहीत, हे मला सगळ्यात ठळकपणे सांगायचंय.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण ब्रुसेल्सचं. 1990 च्या सुमारास तिथल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या पावडरीच्या कॅप्सूल दिल्या जायच्या. द्यायची होती स्टेफानिया, पण चिनी भाषेत नावं जवळपास सारखी असल्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली. शंभरच्या आसपास लोकांच्या किडन्या खराब झाल्या, कित्येकींना डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट. पुढे कॅन्सरच्या भीतीने 39 पेशंटच्या निकामी किडन्या आणि मूत्रनलिका काढून तपासल्या तर 18 जणांत कॅन्सर सापडला, ते 2000 साली छापून आलं. मला यात जास्त टोचतं ते असं की यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड काही नवं नव्हतं, त्याने उंदरांना कॅन्सर होतो हे 1982 सालीच समजलं होतं आणि जर्मनीत त्याची औषधं तेव्हाच मागे घेतली होती. बॅक्टेरियावर करायच्या, डीएनएत बदल होतो का ते बघणाऱ्या साध्या एम्स टेस्टमध्येसुद्धा ते पॉझिटिव्ह येतं. माहिती होती, पद्धत होती, फक्त पोत्यात काय आलंय ते वेळेत कुणी तपासलं नाही. ईश्वरी नावाची वेल याच कुळातली आहे आणि तीही औषधी म्हणूनच ओळखली जाते, म्हणून हे लांबचं कुणाचं तरी दुखणं समजू नये.

बरं, वनस्पती बरोबर असली तरी अर्काचा प्रश्न उरतोच. काढा म्हणजे पाणी आणि उष्णता. अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, हेक्झेनमध्ये काढतात, ॲसिटोनमध्ये काढतात आणि प्रत्येक सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, त्याच पानातून वेगळा माल बाहेर ओढतो. चीनच्या तू योयो यांचं मलेरियाच्या औषधाचं काम यासाठी नेहमी आठवतं. आर्टेमिसिया ही वनस्पती उकळून नीट परिणाम मिळेना, मग त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि 1971 साली उंदरांमधल्या मलेरियावर तो पूर्ण चालला. 2015 चं नोबेल त्यांना मिळालं ते सगळ्यांना माहितीये, पण पेशंटना देण्याआधी प्राण्यांवर विषारीपणा तपासून नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला हे फारसं कुणी सांगत नाही. आता विचार करा, काढायची पद्धत बदलल्यावर जर गुण एवढा बदलतो तर दोष तेवढाच कसा राहील? जुना वापर पाण्यातल्या काढ्याचा आणि बाटलीत हेक्झेनचा अर्क, मग त्या बाटलीमागे शेकडो वर्षं नाहीतच, ती नवीन वस्तू आहे आणि तिची तपासणी नव्या औषधासारखीच व्हायला पाहिजे.

ग्रीन टीचंही तसंच. लोक पिढ्यान्पिढ्या पीत आलेत, काही होत नाही. पण त्यातला ईजीसीजी नावाचा एक घटक घट्ट करून भरलेल्या कॅप्सूलनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आल्या आणि 2018 मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, म्हणजे लिव्हरवर ताण येतो. वनस्पती तीच.

लॅबमधल्या लोकांकडूनही चुका होतात, त्याही लिहिते. पेशींवर अर्क टाकला, पेशी मेल्या नाहीत, झालं सुरक्षित, असं घाईने लिहिलेलं मी वाचलंय. काही विषं अशी असतात की ती मुळात विष नसतात, लिव्हर त्यांना विष बनवते. कॉम्फ्रेसारख्या वनस्पतींतले पायरोलिझिडिन अल्कलॉइड असेच. म्हणून तर एम्स टेस्टमध्ये उंदराच्या लिव्हरमधली एन्झाइम्स असलेलं एस-9 मिश्रण घालून एकदा आणि न घालता एकदा असं दोन्ही करतात. आणि ज्या झाडाचा अर्क काढला त्याचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायलाच हवा, नाहीतर उद्या शंका आली तर काय तपासणार, नुसतं नाव?

शेवटी घरातलं सांगते. माझ्या काकू वजन कमी करायला एक वनस्पतींच्या अर्काची कॅप्सूल घ्यायच्या. थकवा यायला लागला, भूक गेली, डोळे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं काही औषध चालू आहे का, तर म्हणाल्या नाही, काहीच नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावली की रक्तात वाढणारं एन्झाइम, कितीतरी पटीने वाढलेलं, कावीळ म्हणून हेपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह, आणि दहा-बारा दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा खिडकीत ती बाटली दिसली. बंद केल्यावर दोन महिन्यांत रिपोर्ट नॉर्मलला आले. नशीब. पण ती बाटली माझ्या नजरेस पडण्याआधी कुणी फेकून दिली असती तर ही गोष्ट कुठेच नोंदली गेली नसती, आणि अशा किती नोंदल्या जात नसतील. 'काही साइड इफेक्ट नाहीत' असं आपण म्हणतो त्यात हे न सांगितलेलेही धरलेले असतात.

वनस्पतीसोबत दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही तेच. सेंट जॉन्स वर्ट ही उदास वाटण्यावर घेतात ती वनस्पती एकटी घेतली तर बऱ्याच जणांना चालते, पण ती लिव्हरमधली औषधं फोडणारी एन्झाइम्स वाढवते, त्यामुळे ट्रान्सप्लांट केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी खाली येते, आणि ट्रान्सप्लांट केलेलं हृदय शरीराने नाकारायला सुरुवात केल्याच्या केसेस 2000 साली छापून आल्या. उंदराला सायक्लोस्पोरिन चालू नसतं, म्हणून नुसत्या अर्काच्या टेस्टमध्ये हे दिसणार नाही, ते मुद्दाम वेगळं तपासावं लागतं.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा अर्काची बातमी आली तर छापण्याआधी संशोधकांना विचारा की कुठला भाग, कुठलं सॉल्व्हंट, किती दिवस डोस दिला आणि किडनी-लिव्हरच्या स्लाइड्स बघितल्या का, आणि उत्तर मिळेल ते बातमीतच छापा. 14 दिवस म्हणाले तर 14 दिवस छापा. काकूंच्या बाटलीवर यातलं एकही उत्तर नव्हतं, वनस्पतीचं नाव आणि पुढे 'अर्क' एवढंच होतं, त्यामुळे त्यांनी नक्की काय घेतलं होतं ते डॉक्टरांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक