मी आठ महिने गप्प बसले त्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेजाऱ्यांच्या भांडणाच्या बातम्या पेपरात येतच असतात, कधी पाण्यावरून, कधी आवाजावरून, कधी गाडी लावण्यावरून, आणि वाचणारा प्रत्येक जण म्हणतो की एवढ्याशा गोष्टीवरून एवढं? मीही असंच म्हणायचे. आता नाही म्हणत, कारण एवढ्याशा गोष्टीवरून माझ्या स्वतःच्या डोक्यात काय काय आलं होतं ते मला माहितीये. बातमीत फक्त शेवटचा दिवस येतो. त्याआधी दोन्ही घरांनी गप्प बसून काढलेले महिने त्यात नसतात, आणि मला त्या महिन्यांबद्दलच लिहायचंय.

आमच्या वरच्या घरातून रात्री साडेअकराला, मग २ वाजता, मग पहाटे ५ च्या आसपास खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. कर्रर्र करून, बरोबर माझ्या उशीच्या वर. पहिल्या रात्री वाटलं असेल काहीतरी काम. आठवड्याभरात वाटायला लागलं की यांना काही पडलेलीच नाही. महिन्याने तर मी आवाजाच्या आधीच जागी व्हायला लागले, म्हणजे दोनला पाच कमी असताना डोळे उघडायचे आणि मी वाट बघत पडून राहायचे, आणि आवाज आला की मनात म्हणायचे, बघ, आलाच. मिस्टर म्हणायचे अगं वर जाऊन सरळ सांग ना. मी म्हणायचे कशाला उगाच संबंध बिघडवायचे. खरं म्हणजे माझ्या बाजूने संबंध कधीच बिघडले होते, वरच्या काकूंना फक्त ते माहीत नव्हतं. त्या जिन्यात दिसल्या की मी मोबाईलमध्ये बघत खाली उतरायचे.

पाचव्या महिन्यात मी एक चिठ्ठी लिहिली. "रात्री फर्निचर ओढू नये, लोकांना त्रास होतो." नाव नाही, सही नाही. त्यांच्या दाराखालून सरकवली आणि आले. आवाज काही थांबला नाही पण काकूंना वाटलं की चिठ्ठी त्यांच्या समोरच्या घरातून आलीये, त्यांचं त्यांच्याशी आधीच थोडं कुरबुरीचं होतं, आणि त्या दिवसापासून त्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. हे मला नंतर कळलं. ज्या माणसांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्यांच्यात माझ्या चिठ्ठीने भांडण लावलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाटतं की आपण सौम्यपणे सांगितलं, पण ती वाचणाऱ्याला आसपासच्या प्रत्येक घराचा संशय यायला लागतो.

त्यानंतर एका रात्री २ वाजता मी बिल्डिंगच्या ग्रुपवर भला मोठा मेसेज टाईप केला. मिस्टरांनी फोन हातातून काढून घेतला म्हणून तो गेला नाही. तो गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं हे मी खात्रीने सांगते, कारण चाळीस घरांसमोर ज्याला बोल लावला तो माणूस आधी स्वतःची अब्रू सांभाळणार, खुर्चीचा विचार तो कशाला करेल.

शेवटी आठव्या महिन्यात एका संध्याकाळी मी वर गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला आतली खोली दिसली. काका पलंगावर, अंगाखाली हवेची गादी, आणि पलंगाला चिकटून एक जड लाकडी खुर्ची. काका अंथरुणाला खिळलेत, त्यांना स्वतःला कूस बदलता येत नाही, आणि सतत एकाच कुशीवर राहिलं की अंगाला जखमा होतात म्हणून दर अडीच-तीन तासांनी काकू उठतात, खुर्ची मागे ओढतात, त्यांना वळवतात, उशा लावतात आणि खुर्ची परत पलंगाजवळ घेऊन तिच्यातच टेकतात. साडेअकरा, दोन, पाच. मी ज्या वेळा रात्री मोजत पडायचे त्या वेळा त्यांच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलेल्या होत्या.

मी म्हटलं, काकू, रात्री खुर्चीचा आवाज माझ्या खोलीत येतो, त्याचं काही करता येईल का बघायला आले. त्या म्हणाल्या, आवाज? कसला आवाज गं? आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मी त्यांना खाली घेऊन आले, मिस्टर वर काकांपाशी थांबले आणि त्यांनी खुर्ची नेहमीसारखी ओढली. काकू माझ्या पलंगाजवळ उभ्या होत्या. तोंडावर हात ठेवून नुसत्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, एवढा? आणि किती दिवस? मी सांगितलं आठ महिने. त्या म्हणाल्या, मग पहिल्याच दिवशी का नाही आलीस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी मीच टाकली होती हेही मी तेव्हाच सांगितलं. त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

नंतर मी जरा वाचून काढलं की एवढा आवाज करणाऱ्याला ऐकूच कसा येत नाही. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज मुख्यतः हवेतून येतो, पण खुर्चीचा पाय लादीवर घासला किंवा काही पडलं की धक्का थेट स्लॅबला बसतो, स्लॅब थरथरतो आणि खालच्या घराचं अख्खं छत मोठ्या स्पीकरसारखं वाजतं. वरच्याला जवळून फक्त घासल्याचा आवाज येतो, स्लॅबची ती थरथर त्याला जाणवत नाही. म्हणून "आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही" हे वाक्य, जे ऐकून खालचा माणूस सगळ्यात जास्त भडकतो, ते बहुतेक वेळा खरंच असतं. आणि म्हणूनच खालच्याने दार-खिडक्या लावून, पडदे लावून काही होत नाही, उपाय वरच, पायाखाली करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी रात्री सरासरी ३० डेसिबल आणि अधूनमधून होणाऱ्या एखाद्या आवाजासाठी ४५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली होती. म्हणजे झोप मोडायला फार मोठा आवाज लागतच नाही, तेव्हा ज्याची झोप मोडते तो नाजूक आहे असं कुणी समजू नये.

खुर्चीच्या चारही पायांना जाड नमद्याचे, म्हणजे फेल्टचे, तुकडे चिकटवले आणि खाली एक जुनी सतरंजी घातली, पंधरा मिनिटांचं काम. आवाज पूर्ण गेला नाही. रात्री २ ला अजूनही हलकासा धप्प येतो. पण आता जाग आली तरी काकूंनी काकांना वळवलं असेल एवढं मनात येतं आणि मी परत झोपते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्याकडून सुधारलेली नाहीये. शेजारी नवीन कुटुंब राहायला आलं, त्यांचं नेट लागायचं होतं, त्या घरातल्या बाईने विचारलं, ताई दोन दिवस वायफायचा पासवर्ड द्याल का. दिला. दोन दिवसांचे चार महिने झाले. माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला, शिवाय आपल्या कनेक्शनवरून कुणी काहीही केलं तरी बाहेर ते आपल्याच नावावर दिसतं हेही टोचत होतं. मी काय केलं, गुपचूप पासवर्ड बदलला आणि तिने विचारल्यावर सांगितलं, आमचंही नेट बंद आहे गं. त्याच संध्याकाळी माझी तासभर मीटिंग चालली, भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात होतं. ती परत कधी काही मागायला आली नाही. बोलायलाही आली नाही. तिला पासवर्ड नाकारला याचं काही नाही हो, पण मी तिला खोटं सांगितलं आणि ते तिला कळलं.

मला आता वाटतं की चूक "हो" म्हणतानाच झाली होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं की रविवारपर्यंत वापर, पुढे मला मीटिंगला लागेल. बऱ्याच राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क आणि वेगळा पासवर्ड ठेवायची सोय असते आणि ते हवं तेव्हा बंद करता येतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि मुळातच द्यायचं नसेल तर "नाही गं, पासवर्ड मी कुणालाच देत नाही" एवढंच पुरे होतं. आपण खोटं कारण सांगतो तेव्हा समोरचा माणूस बिचारा त्या कारणावर उपाय शोधून आणतो. गाडी मागायला आलेल्याला सांगितलं की पेट्रोल नाहीये, तर तो म्हणणारच की मी भरतो. मग दुसरं कारण, मग तिसरं, आणि शेवटी त्याला कळतंच.

मागणाऱ्यांबद्दलही एक सांगावंसं वाटतं. कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात असं दिसलं की मदत मागणाऱ्यांना जेवढे लोक हो म्हणतील असं वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त लोक हो म्हणतात, आणि याचं एक कारण हे की तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शेजारी तर रोज दिसणारा माणूस, त्याला नाही म्हणणं अजून अवघड. म्हणून मागताना "जमत नसेल तर खरंच नको" हे आपणच आधी म्हणून द्यावं, आणि समोरचा नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी आधीसारखंच बोलावं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यावरूनच त्याला कळतं की पुढच्या वेळीही खरं सांगितलं तरी चालेल.

सगळीकडे बोलून प्रश्न सुटतो असं माझं म्हणणं नाही. काही माणसं धमक्या देतात, अंगावर येतात, तिथे एकट्याने दार वाजवायला जाऊ नये, तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि रीतसर तक्रार करावी. आणि दोघंही बऱ्यापैकी माणसं असून बोलणंच सुरू होत नसेल तर मध्ये तिसरं कुणीतरी लागतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७६ मध्ये यासाठी एक संस्था सुरू झाली, त्यात आसपासच्याच साध्या रहिवाशांना शिकवून मध्यस्थ केलं जातं. मध्यस्थ निकाल देत नाही, एकाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबवतो, बस्. असं थांबवू शकणारं एखादं माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतं, दोन्ही घरांनी मिळून त्याला बोलवायला मात्र हवं.

काकूंनी आणि मी मिळून समोरच्या घरी जाऊन चिठ्ठीचं सांगितलं. त्यांचं बोलणं परत सुरू झालंय, थोडं थोडं. शेजारच्या तिच्याकडे मात्र मी अजून गेलेली नाही, हे पत्र पाठवलं की जाणार आहे.

आणि मागच्या आठवड्यात मी एक मजला खाली उतरले. आमच्या खाली एक आजोबा एकटेच राहतात. त्यांना विचारलं, आमच्या घरातला कुठला आवाज तुमच्याकडे येतो का. ते आधी नाही नाही म्हणाले. मी दारातच उभी राहिले. मग हळूच म्हणाले, सकाळी ६ ला तुमचं वॉशिंग मशीन गरगर फिरतं ना, तेव्हा माझा पलंग हलतो. मी विचारलं कधीपासून. म्हणाले, तुम्ही राहायला आलात तेव्हापासून. मशीन आता सकाळी ९ नंतर लावते.

– एक वाचक
(शेजाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व पत्ता छापू नये ही विनंती.)